खाल्ल्या पानांची बाग

या पुस्तकातली सगळी छायाचित्रं सोलापुरातल्या एका घराच्या आवारात काढलेली आहेत. आवार म्हणजे पुढचं अंगण, बाजूची अरुंद बोळ, मागे पाण्याच्या टाकीजवळची थोडी मोकळी माती आणि गच्चीवरच्या कुंड्या. झाडंही कुणाच्याही घरी असतात तीच आहेत. लिंबू, कढीपत्ता, बेल, सीताफळ, जास्वंद, सदाफुली आणि कुंपणाला टणटणी. सोलापूरचं नाव काढलं की चादरी आठवतात, शेंगांची चटणी आठवते, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आठवते, एप्रिल-मेमधलं ऊन तर आठवतंच. फुलपाखरं कुणाला आठवत नाहीत. ती बघायची तर आंबोलीला जावं, कोयनेला जावं, असं आपण धरून चालतो. सह्याद्रीत जाती जास्त आहेत यात वाद नाही. पण स्वॅलोटेल, म्हणजे मोठ्या पंखांची आणि बहुतेक वेळा मागच्या पंखांना शेपट्या असलेली फुलपाखरं, माणसाच्या परसात इतकी रुळलेली आहेत की त्यांचं छायाचित्रण शिकायला घराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे येणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. लाइम, कॉमन मॉर्मन, कॉमन रोज, क्रिमसन रोज आणि टेल्ड जे. यातल्या लाइमला गंमत म्हणजे शेपटी नाहीच, तरी ते याच कुळातलं. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, हेही यांचंच भावंड. २०१५ साली त्याला हा मान मिळाला, आणि राज्याचं म्हणून एखादं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. राणी पाकोळी मात्र दमट हवेच्या, दाट झाडीच्या मुलखात रमते. या पुस्तकात ती नाही. सोलापूरच्या पुस्तकात सोलापूरचंच असावं.

ही फुलपाखरं कॅमेऱ्यात पकडणं अवघड का, ते आधी सांगितलं पाहिजे. प्लेन टायगर किंवा कॉमन क्रो फुलावर आलं की बसतं, पंख मिटतं आणि बराच वेळ मध पीत राहतं. स्वॅलोटेल तसं करत नाही. फुलाला पाय टेकलेले असतात, सोंड आत गेलेली असते, पण पुढचे पंख थरथरत राहतात. अंगाचा बराचसा भार ते पंखांवरच तोलून धरतं. एका फुलावर दोन-तीन सेकंद, की पुढचं फूल. त्यामुळे नवशिक्याच्या बहुतेक चित्रांत मागचे पंख स्वच्छ आणि पुढच्या पंखांच्या जागी धुरकट पट्टा, असं येतं. शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत किंवा त्याहून पुढे नेला तर पंख थांबतात हे खरं, पण तेवढ्यानं चित्र होत नाही. दुपारच्या उन्हात, लगबगीत टिपलेल्या त्या चित्रात फुलपाखराची ओळख पटते, एवढंच.

स्वॅलोटेल स्वस्थ असतं ते काही ठरावीक वेळांनाच. कोषातून नुकतं बाहेर आल्यावर, पंख वाळेपर्यंत. सकाळी ऊन अंगावर घेताना. जोडी जमलेली असताना. संध्याकाळी झुडपात रात्रीची जागा धरल्यावर. आणि उन्हाळ्यात नर ओल्या मातीवर उतरून मातीतले क्षार शोषत असतात तेव्हा. या सगळ्या वेळा आणि जागा पाहुण्याला सापडत नाहीत, तिथे राहणाऱ्याला सापडतात. कुठल्या फांदीवर कोष आहे, जास्वंदीच्या कुठल्या बाजूला सकाळचं पहिलं ऊन येतं, कुंड्यांना पाणी घातल्यावर कुठे ओल टिकते, हे घरातल्या माणसाला न विचारता माहीत असतं. घरच्या बागेचं बळ ते हेच. रानात फुलपाखरू दिसतं, परसात त्याचा जन्म बघता येतो.

म्हणून या पुस्तकाचं सांगणं एकच आहे. स्वॅलोटेलचं छायाचित्र कॅमेऱ्यापासून सुरू होत नाही, अळी जे पान खाते त्या पानापासून सुरू होतं. फुलांची झाडं लावली की फुलपाखरं येतात आणि जातात. अळीचं झाड लावलं की ती राहतात.

सोलापुरात ही झाडं मुद्दाम शोधावी लागत नाहीत, कारण स्वयंपाकघराला आणि देवघराला लागणारी झाडंच त्यांना लागतात. लाइम आणि कॉमन मॉर्मन यांच्या अळ्या लिंबाच्या कुळातली पानं खातात. कढीपत्ता त्याच कुळातला आणि बेलही. आमच्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी घरं एकमेकांना लागून आहेत. पूर्व भागात विणकरांची घरं आहेत, यंत्रमागांचा खडखडाट आहे, अंगण म्हणावं तर पायरीपुढची वीतभर जागा. तिथेही डब्यात नाहीतर फुटक्या घागरीत कढीपत्ता असतोच, कारण फोडणीला तो तिन्ही भाषांत लागतो. आणि सिद्धेश्वरांच्या या गावात बेलाला काय तोटा? श्रावणात बेलाची पानं खुडणाऱ्या हातांना पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं आणि ते पान बाजूला टाकलं जातं. ती बहुतेक वेळा लाइमची कोवळी अळी असते. ते पान टाकताना झाडाच्या बुंध्याशी टाकावं, एवढीच माझी विनंती आहे.

काळ्या रानात बावची उगवते. हे झाड लिंबाच्या कुळातलं नाही, शेंगांच्या कुळातलं आहे, तरी लाइम त्यावरही अंडी घालतं. शेताच्या बांधावर जमिनीलगत पसरणारी किडामार ही कॉमन रोज आणि क्रिमसन रोज यांची. टेल्ड जे सीताफळावर आणि बंगल्यांच्या कुंपणाला ओळीनं लावलेल्या उंच सरळ अशोकावर वाढतं. सीताफळ तर आमच्या जिल्ह्याचं लाडकं. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी तयार केलेलं एनएमके-१ गोल्डन हे वाण आज देशभर गेलं आहे. कोरडवाहू मुलखात तग धरणारं हे झाड माणसाला फळ देतं आणि टेल्ड जेला पान.

आता मादी अंडं घालते ती वेळ जरा जवळून बघू. कढीपत्त्याशी ती येते ती मध प्यायला आलेल्या फुलपाखरासारखी येत नाही. झाडाभोवती घुटमळते, पानापानाला हलकासा स्पर्श करून मागे फिरते. तिच्या पुढच्या पायांच्या टोकांना चव कळते. पायांनी ती पानावर भराभर टकटक करते आणि त्या पानातला रस आपल्या लेकरांच्या उपयोगाचा आहे का ते पारखते. शेजारीच कडुलिंब असेल तर तो तिच्या लेखी नसल्यासारखा. पान पटलं की पोट पुढे वाकवते, कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढं, फिकट पिवळं, गोल, गुळगुळीत अंडं चिकटवते आणि उडते. एका जागी एकच. या सगळ्याला क्षणभरच लागतो, आणि तिचे पंख त्या क्षणीही हलत असतात. हा क्षण टिपायचा तर तिच्या मागे धावून जमत नाही. शेंड्याची कोवळी पालवी कुठे आहे ते हेरून, तिथे आधीच फोकस लावून, सावली झाडावर पडणार नाही अशा बेतानं उभं राहावं लागतं. ती पहिल्या फेरीत बिचकली तरी बहुधा पुन्हा येते, कारण तिला पान हवं असतं.

तीनेक दिवसांत अंड्यातून अळी निघते. पहिल्या अवस्थांत ती काळपट-तपकिरी, मधोमध पांढरा डाग, अंगावर ओल्यासारखी चकाकी. पक्ष्यांना ती विष्ठा वाटते आणि ते सोडून देतात. शेवटची कात टाकली की तीच अळी पानासारखी हिरवी होते, आणि बाजूंना तिरके तपकिरी पट्टे येतात. पुढचा भाग फुगीर दिसतो, त्यावर डोळ्यासारखे ठिपके असतात. खरं डोकं खाली, लहानसं. तिला डिवचलं तर डोक्यामागून शेंदरी रंगाचं, दोन फाट्यांचं, ओलसर मांसल शिंग बाहेर पडतं आणि हवेत उग्र आंबूस वास सुटतो. हे शिंग फक्त स्वॅलोटेलच्या अळ्यांना असतं. मुंग्यांना, कोळ्यांना तो वास नकोसा होतो. या पुस्तकात त्या शिंगाचं चित्र आहे, पण ते अळीला काडी टोचून काढलेलं नाही. अळीजवळ आलेल्या मुंगीनं ते काम केलं.

पूर्ण वाढलेली अळी खाणं थांबवते आणि जागा शोधत चालू लागते. कधी त्याच झाडाच्या फांदीवर थांबते, कधी बोळ ओलांडून भिंतीवर चढते. मागचं टोक रेशमाच्या गादीला अडकवते, कमरेभोवती रेशमाचा एक दोरा घेते आणि त्याच्या आधारानं मागे रेलते. नारळाच्या झाडावर चढणारा पाडेली कंबरपट्ट्यावर रेलतो, अगदी तसं. हिरव्या पानांत असेल तर कोष हिरवा होतो, भिंतीवर किंवा वाळक्या काटकीवर असेल तर तपकिरी. एकाच मादीच्या दोन लेकरांचे दोन रंगांचे कोष एकाच कुंडीच्या आसपास दिसतात, आणि ते दोन्ही एका चौकटीत आले तर त्यासारखं समाधान नाही. उबदार दिवसांत साधारण आठवडा-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येतं. थंडीत काही कोष आठवडेच्या आठवडे तसेच राहतात. ते मेलेत असं समजून झाडून टाकू नयेत.

बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी कोषाची कातडी पारदर्शक होत जाते आणि आतल्या पंखांची काळी-पिवळी नक्षी बाहेरून दिसू लागते. ही खूण ज्याला ओळखता आली त्याला कुठली सकाळ चुकवायची नाही ते कळलं. बहुतेक फुलपाखरं सकाळीच बाहेर येतात. कोषाला डोक्याच्या बाजूला चीर पडते, ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू पायांनी धडपडत वर चढतं आणि पंख खाली लोंबतील अशी जागा धरतं. पोटातलं द्रव शिरांतून पंखांत भरतं आणि बघता बघता पंख उलगडतात. या वेळी बहुतेक जण पंखांकडेच कॅमेरा लावतात. माझी शिफारस अशी की एक-दोन चित्रं तोंडाची काढावीत. सोंड तेव्हा दोन वेगळ्या धाग्यांची असते. फुलपाखरू ती पुन्हा पुन्हा गुंडाळतं, उलगडतं, आणि ते दोन अर्धे भाग एकमेकांत बसून त्यांची एक नळी होते. ती नळी जुळली नाही तर त्याला आयुष्यभर मध पिता येत नाही. हे घडताना बघणं भिंगाशिवाय अशक्य आहे, आणि मॅक्रो लेन्स घेतल्याचं सार्थक मला त्याच चित्रांत वाटतं. पंख पुरेसे ताठ होऊन पहिली भरारी घेईपर्यंत तास-दोन तास जातात. तेवढा वेळ ते हलत नाही. पूर्ण शाबूत शेपट्या, एकही खवला न झडलेले पंख आणि सकाळचं तिरकं ऊन हे तिन्ही एकत्र यायची वेळ तीच.

कॉमन मॉर्मनबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण परसात येणाऱ्या जीवांत इतकं चकित करणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. नर एकाच रूपाचा असतो. काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची माळ. मादी मात्र तीन रूपांची. एक रूप नरासारखंच. दुसरं हुबेहूब कॉमन रोजसारखं, मागच्या पंखांवर पांढरा पट्टा आणि लाल डाग. तिसरं क्रिमसन रोजसारखं, पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, मागच्यांवर लालभडक ठिपके. एकाच मादीच्या अंड्यांतून वेगवेगळ्या रूपांच्या लेकी निघू शकतात. याचं कारण किडामारीत आहे. ती वनस्पती विषारी आहे. रोज जातींच्या अळ्या ती खातात, विष अंगात साठवतात आणि ते फुलपाखरातही उतरतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा तसल्या फुलपाखराला तोंड लावत नाही. मॉर्मनची मादी लिंबाची आणि कढीपत्त्याची पानं खाऊन वाढलेली, म्हणजे पक्ष्यासाठी चविष्टच, पण विषारी फुलपाखराचा वेश घेतल्यानं वाचते.

अशा सोंगाचं स्पष्टीकरण प्रथम हेन्री वॉल्टर बेट्स यांनी १८६२ साली, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून दिलं. १८६५ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी मलाया बेटांवरच्या स्वॅलोटेल माद्यांची निरनिराळी रूपं मांडली. पण एकाच जातीच्या मादीत ही रूपं येतात कशी, हे कोडं पुढं दीडशे वर्षं राहिलं. त्यावर निर्णायक उत्तर देणारं संशोधन २०१४ साली ‘नेचर’मध्ये आलं, आणि त्याचे पहिले लेखक होते आपले कृष्णमेघ कुंटे. पुण्यात वाढलेले, बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात काम करणारे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कीटकांत नर-मादीतला फरक घडवणारं ‘डबलसेक्स’ हे एकच जनुक मॉर्मन मादीच्या वेशाचा सगळा कारभार सांभाळतं. जगभरच्या प्रयोगशाळांनी ज्याच्यासाठी डोकं खाजवलं ते फुलपाखरू आपल्या फोडणीच्या झाडावर वाढतं, हे वाचल्यापासून कढीपत्त्याकडे बघण्याची माझी नजर बदलली.

छायाचित्र काढणाऱ्याला इथे एक पक्की खूण सांगते. समोर रोज आहे की रोजचं सोंग घेतलेली मॉर्मन, ते पंखांवरून ठरवू नये. अंग बघावं. रोज जातींचं अंग लाल असतं, मॉर्मनचं काळं. पंख कितीही सारखे झाले तरी अंगाचा रंग तिला जमलेला नाही. म्हणून चित्र घेताना पंखांची पसरण मिळाली म्हणून थांबू नये, बाजूनं, पोट दिसेल असं एक चित्र घ्यावंच. पुस्तकात या दोघी समोरासमोरच्या पानांवर ठेवल्या आहेत. वाचकांनी खालची ओळ वाचण्याआधी स्वतः ओळखून बघावं.

जाता जाता, यांतली बरीच शास्त्रीय नावं लिनियस या शास्त्रज्ञाची. १७५८ साली त्यानं स्वॅलोटेल फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धातल्या वीरांची नावं वाटली. क्रिमसन रोज झालं हेक्टर आणि टेल्ड जे झालं अ‍ॅगमेम्नॉन. एकमेकांविरुद्ध लढलेले ते दोघे आमच्या टणटणीवर एकाच गुच्छाशी येतात.

सोलापूरचं हवामान या सगळ्याला अनुकूल नाही असं वाटतं खरं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या बराच वर. पाऊस जून-जुलैत हुलकावण्या देतो आणि सगळ्यात जास्त पडतो तो सप्टेंबरात. नळाला पाणी रोज येत नाही. उजनीचं पाणी चार-पाच दिवसांनी आलं की आधी पिंप, मग टाकी, मग झाडं, असा क्रम असतो. कोकणातल्या माणसाला या धडपडीची कल्पना यायची नाही. पण फुलपाखरांच्या बाजूनं विचार केला तर चारी बाजूंना रान करपलेलं असताना भाजी धुतलेल्या पाण्यावर जगणारी एखादी कोवळी पालवीची बाग ही त्यांची मोठीच सोय आहे. ती इथे दाटीनं येतात ती त्यामुळेच. श्रावण ते दिवाळी हा हंगाम सगळ्यात भरघोस. देशभरात सप्टेंबर हा फुलपाखरांचा महिना म्हणून पाळला जातो तो सोलापूरला अगदी चपखल बसतो, कारण आमचा खरा पावसाळाही तेव्हाच असतो.

उजेडाचं मात्र सोलापूरला वेगळं गणित आहे. साडेनऊ-दहानंतरचं ऊन इतकं कडक पडतं की लाइमच्या पिवळ्या ठिपक्यांतला तपशील उडतो आणि मॉर्मनचा काळा रंग नुसता खड्डा होतो. काळं आणि फिकट एकाच पंखावर असल्यानं कॅमेरा दोन्ही सांभाळू शकत नाही. अशा वेळी ठिपक्यांप्रमाणे उजेड मोजावा आणि काळा थोडा गडद राहू द्यावा. गेलेला पिवळा परत येत नाही, काळ्यातलं थोडं नंतर उजळता येतं. ढगाळ दिवस मिळाला तर इतर कामं बाजूला ठेवावीत. फ्लॅश मी जवळजवळ वापरत नाही, पंखांवरच्या खवल्यांची मखमल त्यानं प्लास्टिकसारखी दिसते.

यंत्रांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. शंभर मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स अंडी, अळ्या, कोष यांना उत्तम. उडत्या, फुलांवरच्या फुलपाखराला मीटर-दीड मीटरवरून टिपणारी साधी झूम लेन्स जास्त सोयीची, कारण त्याच्या डोळ्यांना हालचाल फार लवकर कळते. चांगल्या मोबाइलवरही अळीची आणि कोषाची सुंदर चित्रं येतात. पंख उघडे असतील तर कॅमेऱ्याचं तोंड पंखांना समांतर ठेवावं म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं स्पष्ट येतं. हा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं गुडघे टेकण्यात आहे. वरून खाली बघून काढलेलं फुलपाखरू नमुना वाटतं. त्याच्या उंचीवर उतरून काढलं की ते कुठेतरी निघालेलं दिसतं.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. फुलपाखरू हलू नये म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवून गारठवायचं आणि मग फुलावर ठेवून चित्र काढायचं, असा प्रकार चालतो. गारठलेल्या फुलपाखराचे पाय फांदीला नीट धरत नाहीत, जाणत्याला ते चित्रात लगेच दिसतं. पण न दिसलं तरी ते करू नये. ज्या जिवाचं आयुष्य पंख फुटल्यावर थोड्या आठवड्यांचं, त्याचे तास आपल्या चौकटीसाठी खर्ची घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. जाळीत अळ्या वाढवण्याचाही मोह होतो. गांधीलमाशी अळी उचलून नेते, इवल्याशा परजीवी माश्या कोषात अंडी घालतात आणि एखाद्या सकाळी फुलपाखराऐवजी बारीक भोकांतून त्याच बाहेर येतात. सरडे आहेत, बुलबुल आहेत, फुलाच्या रंगाचा होऊन दबा धरलेला खेकडा-कोळी आहे. मी जाळी लावत नाही. बागेत लाइमइतकाच हक्क कोळ्याचा आहे आणि पुस्तकात त्याची चित्रंही आहेत, त्याच्या तावडीतल्या टेल्ड जेसकट.

लिंबाच्या बागायतदाराचं म्हणणं मात्र वेगळं असणार आणि ते खोटं नाही. लाइमच्या अळ्या रोपवाटिकेतल्या कोवळ्या कलमांची पानं सफाचट करतात. हे फुलपाखरू २००४ साली कॅरिबियन समुद्रातल्या डोमिनिकन प्रजासत्ताकात पोहोचलं आणि पुढे आसपासच्या बेटांवर पसरलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनाही धडकी भरली. आमच्या जिल्ह्यातल्या डाळिंबवाल्यांना तर फुलपाखरू म्हटलं की फळ पोखरणारी अळीच आठवते. केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि ज्याचं पोट बागेवर चालतं त्यानं तिथल्या शास्त्रज्ञांचं ऐकावं. माझं बोलणं घराच्या आवारापुरतं आहे. घरच्या कढीपत्त्याच्या चार फांद्या अळ्यांनी खाल्ल्या तर फोडणी अडत नाही, आणि झाड पुन्हा फुटतं. औषध मारलेल्या झाडाचं पान आपण तरी कसं खाणार?

किडामार लावणाऱ्यांना एक इशारा. तिच्यातलं विष माणसाच्या मूत्रपिंडाला बाधतं. लहान मुलं आणि गुरं पोहोचणार नाहीत अशी तिची जागा ठेवावी, आणि जुन्या ऐकीव माहितीवरून तिचं औषध करून घेऊ नये.

फुलपाखरू त्याच्या झाडासकट दाखवावं, हा विचार नवा नाही. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीनं सुरिनामला जाऊन अळी, कोष, फुलपाखरू आणि त्यांनी खाल्लेलं पान एकाच चित्रात रंगवलं. तिचा ग्रंथ १७०५ साली निघाला. पानं कुरतडलेली, भोकं पडलेली तिनं तशीच काढली. या पुस्तकातल्या चित्रांच्या मांडणीवर तिचं ऋण आहे. आयझॅक किहिमकर यांच्या मार्गदर्शक ग्रंथाशिवाय आणि कुंटे यांच्या द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरच्या पुस्तकाशिवाय मला अर्धी नावंही कळली नसती. आणि सोलापुरात बसून निसर्गावर मराठीत लिहिताना मारुती चितमपल्लींचं नाव न घेणं शक्यच नाही. ते याच शहरात १९३२ साली जन्मले, वनखात्यात आयुष्य काढून अखेरच्या काळात इथेच परतले आणि २०२५च्या जूनमध्ये इथेच गेले. २००६ साली सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. रानातल्या प्रत्येक गोष्टीला मराठी नाव असतं आणि ते जाणत्या माणसाला विचारून घ्यायचं असतं, हे त्यांच्या लिखाणानं माझ्या पिढीला शिकवलं. बावची आणि किडामार मी अशीच बांधावरच्या बायकांना विचारून ओळखली.

चित्रांची रचना जातींप्रमाणे नाही, झाडांप्रमाणे आहे. कढीपत्त्याचं प्रकरण सगळ्यात मोठं, मग लिंबू आणि बेल एकत्र, मग किडामार, सीताफळ-अशोक आणि शेवटी मधाची झाडं. प्रत्येक चित्राखाली महिना, वेळ आणि झाड दिलं आहे. कॅमेऱ्याचे आकडे दिलेले नाहीत, कारण दुसऱ्याच्या उजेडातले आकडे आपल्या अंगणात चालत नाहीत.

ज्यांना हे वाचून सुरुवात करावीशी वाटेल त्यांनी कढीपत्त्यापासून करावी. रोपवाटिकेतलं चकचकीत रोप आणू नये, त्यावर बहुधा फवारणी झालेली असते आणि पहिल्या अळ्या त्यानं मरतात. शेजारच्या जुन्या झाडाच्या मुळाशी फुटलेलं रोप पावसाच्या सुरुवातीला मागून आणावं, मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत, सकाळचं ऊन येईल तिथे लावावं. शक्य असेल तर दोन लावावीत, एक स्वयंपाकघरासाठी. घरात जुनं झाड असेल तर जुलैच्या अखेरीस त्याचे शेंडे छाटावेत. छाटल्यावर काही दिवसांत कोवळी पालवी फुटते आणि मादीला हवी असते ती हीच. सकाळी ऊन अंगणात उतरलं की त्या पालवीवर नजर ठेवावी, आणि पानाच्या खालची बाजूही उलटून बघावी.